पिंजऱ्यातील फिंच आणि उसातील मुनिया



या पानावर आजवर मी बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचट, खोडवा आणि माती परीक्षण याच विषयांवर लिहीत आलो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रात घरोघरी पडवीत एखादा पिंजरा दिसू लागला आहे. त्यात लाल चोचीचे, चिमणीपेक्षाही लहान पक्षी असतात आणि मुलं त्यांना 'फिंच' म्हणतात. लागणीची नोंद द्यायला आलेला माणूस नोंद झाल्यावर हळूच विचारतो, "साहेब, तुमच्याकडे पण ते पक्षी आहेत म्हणे. आमचे दर महिन्याला एक मरतात. काय करावं?" हा प्रश्न एवढ्यांदा आला की संपादक मंडळींनीच सांगितलं, एकदा लिहूनच टाका.

मी पक्ष्यांचा डॉक्टर नव्हे. कृषी पदविका घेऊन शेतकी खात्यात नोकरीला लागलेला माणूस. पण सहा वर्षांपासून कॉलनीतल्या क्वार्टरच्या पडवीत हे पक्षी पाळतो आहे आणि त्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. ती खाली सांगणारच आहे, कारण ती चूक आपल्यापैकी कोणाच्याही घरी होऊ शकते.

आधी हा पक्षी कुठला ते पाहू. दुकानात जो सर्वात जास्त मिळतो तो झेब्रा फिंच, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या कोरड्या गवताळ मुलखात हे थव्याने राहतात. आपल्याकडे येतात ते मात्र पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, छातीवर बारीक काळे-पांढरे पट्टे आणि चोच लालभडक. मादी साधी राखी रंगाची, चोच जरा फिकी. वजन भरते सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे आपण चहात घालतो त्या अडीच-तीन चमचे साखरेएवढे. हे वजन लक्षात ठेवावे. पुढचं सगळं त्यावरच आहे.

एवढासा जीव, पण शास्त्रज्ञांच्या लेखी मोठा मानाचा. कोंबडीनंतर ज्या दुसऱ्या पक्ष्याची संपूर्ण जनुकीय रचना वाचली गेली, तो हाच. ते साल २०१०. नराचे पिल्लू बापाचे गाणे ऐकून गाणे शिकते, अगदी मूल बोलायला शिकते तसे. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत तो ठेवतात.

दुसरा मिळतो तो बंगाली फिंच, तपकिरी-पांढरा आणि फार गरीब स्वभावाचा. नाव बंगाली असले तरी बंगालशी त्याचा संबंध नाही. आपल्या देशातही आढळणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मुनियाचे भाऊबंद चीनमधून जपानात गेले आणि तिथे दोन-अडीचशे वर्षे पाळून पाळून ही जात तयार झाली. तिसरी जावा चिमणी, करड्या अंगाची आणि जाड गुलाबी चोचीची. ती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बंधनाच्या यादीत असल्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे तिची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पहिल्या दोन जाती त्या यादीत नाहीत. नवशिक्याने झेब्रा किंवा बंगालीच घ्यावा.

एकटा पक्षी कधीही आणू नये. हा थव्याचा जीव आहे, एकटा ठेवला की झुरतो. निदान जोडी हवी.

आता पिंजरा. बाजारात देवळासारखा उंच, गोल, घुमटीचा पिंजरा मिळतो. दिसायला छान, पण या पक्ष्याला निरुपयोगी. फिंच वर-खाली उडत नाही, आडवा उडतो. तेव्हा पिंजरा लांब हवा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड-दोन फूट उंच, एवढा एका जोडीला बरा. तारांतले अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको, नाहीतर डोके अडकते. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यायचा असेल तर अर्धा इंची वेल्डमेश लावून घ्या आणि जाळी नवी असेल तर व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवून मगच पक्षी सोडा. नव्या जाळीवरचे जस्ताचे कण चोचीवाटे पोटात गेले तर विषबाधा होते.

बसायला दुकानातल्या एकसारख्या गुळगुळीत दांड्या देऊ नयेत. पेरू, तुती, कडुलिंब यांच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या आडव्या बसवाव्यात, पायांना व्यायाम होतो. तळाशी वर्तमानपत्राचा कागद घालून रोज बदलावा. आमच्या घरी हे काम धाकटीकडे आहे. ती कागद घालताना ऊसदराची बातमी वर राहील असा घालते आणि मला म्हणते, "पप्पा, बघा, पक्षी वाचताहेत."

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून असावी. चारी बाजूंनी उघडा असला की पक्षी सतत धास्तावलेला राहतो. मांजर, उंदीर आणि धामण यांच्यापासून सांभाळा. उसाच्या भागात उंदीर आणि त्यांच्यामागे साप येणारच. पिंजरा तारेने टांगला असेल तर त्या तारेला वितभर ग्रीस लावून ठेवा म्हणजे मुंग्या उतरत नाहीत. घरट्यात पिल्ले असताना मुंग्यांची रांग लागली तर एका रात्रीत खेळ संपतो.

पाणी दिवसातून दोनदा बदलावे. आंघोळीला उथळ थाळी द्यावी, पाणी अर्धा इंच पुरे. दुपारी तो पंख फडफडवून जे काय आंघोळ करतो, ते बघायला आमच्या शेजारचे निवृत्त पॅनमन रोज खुर्ची टाकून बसतात.

खाण्याला राळा, वरई, बाजरी हे मुख्य. आपल्या जिल्ह्यात अकोल्याकडे वरई पिकते, ती न सडलेली, टरफलासकट मिळाली तर उत्तम. एका पक्ष्याला दिवसाला छोटा चमचाभर दाणे पुरतात. इथे एक गंमत आहे, आणि ती गंमत जीवावर बेतते. फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून पाहिले तर वाटी भरलेली दिसते, खाली दाणा एकही नसतो. आपण म्हणतो, दाणे आहेत की! आणि पक्षी उपाशी. रोज सकाळी वाटीवर हलकी फुंकर मारून टरफल उडवावे आणि मगच ठरवावे.

जोडीला धुतलेली कोथिंबीर, कधी पालक. अंड्याचे टरफल उकळून, वाळवून, बारीक कुटून ठेवावे; मादीला चुना त्यातूनच मिळतो. समुद्रफेस मिळाला तर तोही अडकवावा. मीठ, चहा, चॉकलेट, फरसाण यातले काहीही देऊ नये. पाहुणे कौतुकाने शेव टाकतात, त्यांना नम्रपणे थांबवावे.

आता ती चूक.

दोन वर्षांपूर्वीचा जून महिना. गावाकडे आमची थोडी जिरायत जमीन आहे, तिथे बाजरी पेरली. पिशवीत अर्धा किलोच्या आसपास बियाणे उरले, ते मी घरी आणले. त्याच आठवड्यात पक्ष्यांचा राळा संपला होता आणि पावसामुळे गावात जाणे झाले नाही. पाच पक्षी होते. मी म्हटले, बाजरी ती बाजरी. बियाणे गुलाबी होते, म्हणजे औषध लावलेले होते, हे मला समजत नव्हते असे नाही. गोसावी रोगासाठी मेटॅलॅक्झिल लावतात, काही बियाण्याला किडीचे औषधही असते, हे मीच मेळाव्यात माईक हातात घेऊन सांगतो. तरी मी ती बाजरी तीन पाण्यांनी धुतली, रंग पूर्ण गेला, फडक्यावर वाळवली आणि संध्याकाळी वाटीत घातली. रंग गेला म्हणजे औषध गेले, असे त्या वेळी मला वाटले.

सकाळी धाकटी कागद बदलायला गेली तेव्हा दोन पक्षी तळाशी पडलेले होते. तिसरा अंग फुगवून डोळे मिटून बसला होता. मी बाकीच्यांना खोक्यात घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पक्षी पाहिले, मग विचारले, काय खायला दिलं? बियाण्याची पिशवी मागवली. शांतपणे मागची बाजू वाचली आणि माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत आणखी दोन गेले. एक नर तेवढा वाचला.

धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने पिशवी वाचली. त्यावर मराठीत छापलेले होते की हे बियाणे खाण्यासाठी किंवा जनावरांना घालण्यासाठी वापरू नये. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, हे तर तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?" त्यानंतर ती चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आमच्या मंडळींनी तिची समजूत घातली, माझी कोणी घातली नाही, आणि ते बरोबरच होते.

बियाण्याला लावलेला रंग ही फक्त खूण असते. औषध टरफलाला चिकटून बसते, काही आतही मुरते. धुऊन रंग निघतो, औषध निघाल्याची खात्री कशानेच होत नाही. त्यात फिंचची दाणा सोलण्याची पद्धत अशी की प्रत्येक टरफल तो चोचीत घेऊन जिभेने फिरवतो. १२ ग्रॅमच्या जीवाला अशा किती दाण्यांची गरज पडणार? हे फक्त पक्ष्यांपुरते नाही. उरलेले बियाणे धुऊन कोंबड्यांना घालणारी, किंवा नासाडी नको म्हणून दळणात मिसळणारी घरे मला माहीत आहेत. कृपा करून असे करू नका. उरलेले बियाणे त्याच्या मूळ पिशवीत, धान्यापासून दूर, कुलपात ठेवा.

याच जोडीने दुसरी गोष्ट. पक्ष्यांना हिरवे म्हणून बांधावरचे गवत, हरळीचे तुरे मुलं तोडून आणतात. पण उसात आपण टू-फोर-डी, मेट्रीब्युझीन मारतो, त्याचा तुषार बांधावर जातोच. जिथे काही फवारत नाही अशा परसातलेच हिरवे द्या. कुंडीत मूठभर साधी बाजरी पेरली तर आठ दिवसांत कोवळे कोंब मिळतात. हुमणीसाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे दाणेदार फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले आहे. कोणाच्या कोठीत जुना डबा पडून असेल तर तो आजही तितकाच विषारी आहे.

धुराचेही तसेच. इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत कामगार १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी बरोबर नेत. कॅनरी हाही फिंचच. विषारी वायू झाला की माणसाच्या आधी पक्षी कोसळे आणि माणसे बाहेर पळत. पक्ष्याची श्वास घेण्याची रचनाच अशी की हवेतले जे काही असेल ते झपाट्याने रक्तात उतरते. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको. चुलीचा धूर वाईट आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याची वाफ त्याहून वाईट. माणसाला वासही येत नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. डासांची अगरबत्ती, फवारा, उदबत्ती यापासूनही लांब ठेवा. आम्ही कॉलनीत राहणारे लोक तर गळीत हंगामात बॉयलरची काजळी अंगणातून रोज झाडतो. हंगामात मी पिंजरा आतल्या खोलीच्या खिडकीशी घेतो आणि वाऱ्याच्या बाजूला ओले फडके लावतो.

आपल्याकडचा उन्हाळा या पक्ष्याला फार परका नाही. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की कडक उन्हाळ्यात झेब्रा फिंचचे आईबाप अंड्यावर बसल्या बसल्या एक विशिष्ट आवाज काढतात आणि अंड्यातल्या पिल्लाची वाढ त्या आवाजाने बदलते. म्हणजे बाहेर ऊन आहे हे पिल्लाला अंड्यातच सांगितले जाते! तरीही पत्र्याच्या पडवीखाली मे महिन्यात ४० अंशाच्या वर कोणीही टिकत नाही. ओले गोणपाट एका बाजूला लावा, दुसरी बाजू उघडी ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री चादर टाका. अंग फुगवून, शेपूट खाली घालून, दिवसा झोपणारा पक्षी आजारी समजावा. हा पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, तेव्हा असे दिसले की उद्या पाहू म्हणू नका. त्याला वेगळ्या लहान पिंजऱ्यात घेऊन एका कोपऱ्याला जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि दवाखाना गाठा.

अंडी ४ ते ६ घालतात, दोघेही आळीपाळीने बसतात, १२ ते १४ दिवसांत पिल्ले निघतात, तीन आठवड्यांत घरट्याबाहेर येतात. त्या काळात उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. घरट्यासाठी वेताची लहान टोपली पुरते. लांब दोरे, केस किंवा सुतळीचे तंतू देऊ नयेत, पायाला गुंडाळून पाय तुटतो. दोन-तीन वेणी झाल्या की घरटे काढून घ्या. नाहीतर ही जात थांबतच नाही आणि मादी अंडे अडकून मरते. वाढलेले पक्षी "जाऊ दे मोकळे" म्हणून बाहेरही सोडू नका. पिंजऱ्यात जन्मलेल्याला बाहेर दाणा शोधता येत नाही, ससाणा मात्र त्याला बरोबर शोधतो.

आता उसातल्या पक्ष्याकडे येतो. ते आपले खरे घरचे.

आपल्याकडे फिंचच्याच गोतावळ्यातले पक्षी आहेत, ते म्हणजे मुनिया. जिरायत भागात बाभळीवर दिसणारी पांढऱ्या कंठाची, उसाच्या कडेने दिसणारी ठिपकेदार आणि सर्वांत देखणी लाल मुनिया. पावसाळ्यात विणीच्या वेळी तिचा नर लाल होतो, अंगावर पांढरे ठिपके, जणू कुंकवावर साखर सांडली. इतर दिवसांत तोच ओळखू येत नाही इतका साधा. इंग्रजीतले तिचे 'अवदवत' हे नाव अहमदाबादवरून पडले, कारण जुन्या काळी तिथून हे पक्षी पिंजऱ्यात भरून परदेशी जात. मी ब्रिक्स तपासायला हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन संध्याकाळी फडात असलो की यांचे थवे रात्रीच्या मुक्कामाला उसात उतरताना दिसतात. सुगरणही आपल्याच पिकावर घर बांधते, उसाच्या पानाची लांब पट्टी फाडून नेते. सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला सुगरणीचा जो अभ्यास केला तो जगात गाजला. या पक्ष्यांचा उसाला काडीचा उपद्रव नाही. गवताचे बी खातात, पिल्लांना किडे भरवतात.

रात्रीच्या मुक्कामाच्या ठिकाणी जाळे लावून यांना धरतात. मग आठवडे बाजारात 'रंगीत चिमण्या' म्हणून विकतात. मागच्या हंगामात एका ज्येष्ठ सभासदांनी नातवासाठी अशा चार आणल्या, दोन हिरव्या, दोन गुलाबी, आणि मला कौतुकाने दाखवायला बोलावले. मी आंघोळीची थाळी ठेवायला सांगितली. पक्ष्यांनी आंघोळ केली आणि थाळीतले पाणी हिरवे झाले. खालून निघाली आपली साधी पांढऱ्या कंठाची मुनिया. अण्णा बराच वेळ थाळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझ्याच उसातला पक्षी मला दोनशे रुपयाला विकला का रं?"

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि विशेषतः त्यातील १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या देशातले रानपक्षी धरणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. कैद आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. मुनिया त्यात येते. 'विकत घेतला, धरला नाही' ही सबब चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, रानातून धरलेला पक्षी पिंजऱ्यात टिकत नाही. जाळ्यातून बाजारापर्यंतच निम्मे दमतात, रंगाने उरलेले आजारी पडतात. चुकून घरी आले असतील तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अण्णांनी तसेच केले. वनरक्षक येऊन नोंद करून पक्षी घेऊन गेले, त्यांना कोणी दमदाटी केली नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण लोक त्याच भीतीने फोन करत नाहीत.

तोडणीच्या वेळी फड चारी बाजूंनी आत कापत नेला की शेवटचा तुकडा मध्ये उरतो आणि सगळे जीव त्यात कोंडतात. आपल्या भागात बिबट्याची पिल्लेही अशाच तुकड्यात सापडतात. एका बाजूने कापत गेले तर पक्ष्यांना आणि इतरांनाही निघायला वाट राहते, टोळीलाही ते सुरक्षित. मुकादमांशी मी याबद्दल बोललो आहे, सभासदांनीही बोलावे. जळीत उसाला कपात लागते हे आपल्याला माहीत आहेच. त्या जाळात आणखी काय जळते तेही माहीत असावे. टोळीची मुले पडलेली पिल्ले उचलून खेळायला घेतात, त्यांना रागावू नका. पिल्लू जवळच्या उभ्या उसाच्या कडेला, सावलीत ठेवायला सांगा, आईबाप आवाजावर येतात. गेल्या जानेवारीत पाथर्डीकडच्या टोळीतल्या एका मुलीने मला तीन सरी ओलांडून नेऊन असे ठेवलेले पिल्लू दाखवले होते. मादी येऊन त्याला भरवत होती. आम्ही दोघं लांब बसून पाहत होतो, चिटबॉय स्लिपा घेऊन मला शोधत फिरत होता.

आमच्या पिंजऱ्यात आता वाचलेला तो नर, त्याला आणलेली जोडीदारीण आणि त्यांची तीन पिल्ले आहेत. दाण्याचा डबा धाकटीने तिच्या कपाटात ठेवला आहे. मला दाणे घालायचे असले तर तिच्याकडून मोजून घ्यावे लागतात.

बिनप्रक्रियेचा राळा आणि वरई कुठे मिळते हे ज्यांना हवे असेल त्यांनी मंगळवारी गट ऑफिसला दुपारनंतर भेटावे. पुढील अंकात खोडव्यातील नांग्या भरणे हा विषय घेतला आहे.